सत्तर मिलिमीटर

इंग्लंडमधील तेराव्या शतकातील एका कॅथेड्रलच्या उत्तरेकडील भिंतीविषयीचा माझा अहवाल गेल्या जानेवारीत सहीसाठी तयार होता, आणि सही करायच्या आदल्या दिवशी, परांचीच्या दुसऱ्या टप्प्यावर उभे असताना, मला तो मागे घ्यावा लागला. काम अजून चालू असल्यामुळे इमारतीचे नाव येथे लिहीत नाही. मी संरचना अभियंता आहे. पुण्यात शिकलो आणि गेली अकरा वर्षे इकडे जुन्या दगडी इमारतींच्या दुरुस्तीसाठी गणिते करतो.

अशा कॅथेड्रलची आतली भिंत तीन मजल्यांची असते. खाली खांब आणि त्यांवरच्या टोकदार कमानी, मध्ये भिंतीच्या जाडीतून जाणारी ट्रायफोरियमची अरुंद मार्गिका आणि सर्वांत वर क्लिअरस्टोरीच्या उंच खिडक्या. त्यांच्याही वर फासळ्यांचे दगडी छत. पहिल्या टप्प्याची परांच ट्रायफोरियमपर्यंतच पोहोचत होती. तेथून केलेल्या लेझर मोजणीत असे दिसले की, कमानींच्या माथ्यावरून जाणारी दगडी पट्टी तिसऱ्या खांबापाशी ७० मिलिमीटर खाली उतरली आहे. खांब खचला आहे हे उघड होते. मी ते ७० मिलिमीटर संगणकातील प्रतिकृतीत घातले आणि वरच्या छताचे काय होते ते पाहिले.

दगडी छत दगड चुरडल्यामुळे सहसा पडत नाही. केंब्रिजचे प्राध्यापक जॅक हेमन यांनी १९६६ साली हे फार स्पष्टपणे मांडले होते: या इमारतींमध्ये दगडावर येणारा दाब त्याच्या ताकदीच्या मानाने इतका थोडा असतो, की खरा प्रश्न बळाचा नसून आकाराचा असतो. छताचा रेटा ज्या वाटेने खाली उतरतो ती वाट दगडाच्या जाडीच्या आत राहिली तर छत टिकते. आधार सरकले आणि ती वाट कडेला गेली की तेथे सांधा उघडतो आणि बिजागरी तयार होते. अशा बिजागऱ्या पुरेशा झाल्या की छताला उभे राहण्यासाठी काहीच उरत नाही. माझ्या प्रतिकृतीत बिजागऱ्या भराभर पडत गेल्या. त्यामुळे मी छताच्या वर पोलादी ताणपट्ट्या आणि खांबाच्या पायाचे बळकटीकरण सुचवले.

गुरुवारी सकाळी दुसरा टप्पा तयार झाला तेव्हा कॅथेड्रलचे मुख्य पाथरवट माझ्याबरोबर वर आले. चाळीस वर्षे त्यांनी याच इमारतीवर काम केले आहे आणि ते फार थोडे बोलतात. मी त्यांना पट्टीचा उतार दाखवला. तो त्यांना ठाऊक होता. त्यांनी पट्टीच्या वरच्या दगडांवरून तळहात फिरवत नेला, चार रद्दे, म्हणजे दगडांचे चार थर, वर जाऊन थांबले आणि मला टेप लावायला सांगितले.

पट्टीच्या वरचा पहिला रद्दा दुसऱ्या खांबापाशी २१० मिलिमीटर उंच होता आणि तिसऱ्या खांबापाशी २२८. त्यावरच्या रद्द्यात फरक १७ मिलिमीटरांचा निघाला, मग पुन्हा १८, मग १७. बेरीज बरोबर सत्तर. पाचव्या रद्द्यापासून भिंत पुन्हा समपातळीत होती आणि थेट खिडक्यांपर्यंत तशीच गेली होती. चुन्याच्या दरजा मात्र सगळीकडे सारख्याच जाडीच्या होत्या. म्हणजे फरक चुना जास्त थापून मिटवलेला नव्हता, तर प्रत्येक दगड एका टोकाला किंचित उंच घडवला होता. खांब खचला होता हे खरेच, पण तो वरचा मजला चढण्याआधीच. बांधणाऱ्याला ते दिसले होते आणि त्याने चार रद्द्यांत हिशेब पुरा केला होता. छताने ते ७० मिलिमीटर कधीच सोसलेले नव्हते.

या चार रद्द्यांमागे किती काम आहे, हे बाहेरच्या माणसाच्या सहज लक्षात येणार नाही. दगड भिंतीवर नेऊन तासत नसत. ते खाली पाथरवटांच्या पडवीत फर्म्याबरहुकूम, म्हणजे कापून ठेवलेल्या नमुना-आकाराप्रमाणे, घडवले जात आणि वर चढत तेव्हा त्यांची जागा ठरलेली असे. कँटरबरीचे कॅथेड्रल ११७४ साली जळाल्यावर बोलावलेल्या, फ्रान्समधील सांस या गावच्या विल्यम या बांधकामप्रमुखाने दगड घडवणाऱ्यांच्या हाती फर्मे दिले, अशी नोंद तेथील जर्वेस या भिक्षूने करून ठेवली आहे. हाच विल्यम ११७८ मध्ये छताच्या कामाच्या परांचीवरून पडून जायबंदी झाला. फर्मे ज्यावरून कापत ती रेखाटने पूर्ण मापाची असत. यॉर्क आणि वेल्स (Wells) या इंग्लंडमधील शहरांच्या कॅथेड्रलांत गिलाव्याच्या जमिनी अजून शिल्लक आहेत, ज्यांवर कमानींच्या आणि खिडक्यांच्या जाळीच्या रेषा टोकदार हत्याराने कोरलेल्या दिसतात. कंपास, सरळ पट्टी आणि गुण्या एवढ्यावर ही भूमिती चालत असे. जर्मनीतील रेगेन्सबुर्गच्या माथेस रोरित्सर या बांधकामप्रमुखाने १४८६ मध्ये छापलेल्या पुस्तिकेत एका चौकोनाच्या बाजूंचे मध्यबिंदू जोडून आत दुसरा, मग तिसरा चौकोन काढत शिखराची सगळी मापे काढून दाखवली आहेत. त्यासाठी वर्गमूळ यावे लागत नाही, हात स्थिर असावा लागतो. आमच्या भिंतीच्या बाबतीत कोणीतरी ओळंबा आणि पातळी लावून खांबाचे खचणे मोजले, ते चार रद्द्यांत वाटले, खाली जाऊन नवे फर्मे कापवले आणि कोणता दगड कोणत्या टोकाला उंच ठेवायचा हे घडवणाऱ्यांना समजावले. माझ्या हाती लेझर असूनही इतक्या नेमकेपणाने मी ते वाचू शकलो नव्हतो.

चूक मोजणीत नव्हती. माझी प्रतिकृती सगळी इमारत एका क्षणी उभी राहिली आणि सगळे वजन एकदम आले असे धरून चालते, आणि ही गोष्ट मला अकरा वर्षांत कधी खटकली नाही. प्रत्यक्षात अशी भिंत वर्षानुवर्षे चढत असे. चुना सावकाश आवळतो, त्यामुळे ताजी भिंत थोडी दबते आणि वळते, पण तुटत नाही. हिवाळ्यात बांधकाम थांबवून भिंतींच्या माथ्यावर पेंढा आणि शेण पसरत, म्हणजे ओला चुना गोठून फुटू नये. लाकडी छप्पर बहुधा आधी चढवत आणि त्याच्या आसऱ्याने खाली दगडी छत घालत. एका गाळ्याची सेंटरिंग, म्हणजे छताखालचा तात्पुरता लाकडी आधार, काढून पुढच्या गाळ्यात लावत. एवढ्या काळात जमिनीला बसायचे तेवढे ती बसून घेई, आणि दर हंगामाला वर चढणारा माणूस आधी खालचे काय झाले ते पाहूनच पुढचा थर घाली. आराखडा होताच, पण इमारतीने दिलेल्या उत्तरानुसार तो बदलत असे. वेल्सच्या कॅथेड्रलमध्ये १३१३ नंतर मनोरा उंचावला तेव्हा खालचे खांब खचू लागले, आणि १३३८ ते १३४८ या काळात त्यांच्यामध्ये एकमेकींवर उलट्या ठेवलेल्या कात्रीच्या आकाराच्या कमानी बांधल्या गेल्या. त्या आज पाहणाऱ्याला मूळ रचनेचाच भाग वाटतात.

पाथरवटांनी आणखी एक गोष्ट दाखवली. खालच्या रद्द्यांतील दगडांवर पाच-सहा कारागिरांच्या खुणा वारंवार येतात. नगावर मजुरी मोजण्यासाठी त्या कोरत असत. त्या चार रद्द्यांत आणि त्यांच्या वर यांपैकी एकही खूण नाही, सगळी माणसे नवी आहेत. काम मध्ये थांबले होते का, असे मी विचारले. खुणांवरून एवढे छातीठोकपणे सांगता येत नाही, असे ते म्हणाले, आणि त्यांचा हा संयम मला आमच्या व्यवसायातल्या पुष्कळ अहवालांपेक्षा मोलाचा वाटतो.

या पाथरवटांना आमच्या बैठकांना बोलावत नाहीत. अहवाल अभियंते लिहितात, मंजुरी समिती देते, आणि दगडाला रोज हात लावणाऱ्या माणसाकडे निर्णय झाल्यावर फक्त कामाची यादी पोहोचते. गेल्या शतकात याच भिंतीच्या दरजा सिमेंटने भरल्या गेल्या, त्यात ओल अडकली आणि कडेचा चुनखडक सोलून निघाला. तेव्हाही कोणी पाथरवटाला विचारले नसावे, कारण चुन्याच्या भिंतीला श्वास लागतो हे त्याला निश्चित ठाऊक असते. दुसरीकडे, भेट द्यायला येणारे लोक मला नेहमी या बांधणाऱ्यांच्या हरवलेल्या गुपिताविषयी विचारतात. त्या चार रद्द्यांत गुपित काहीच नाही. लक्षपूर्वक पाहणे आहे आणि चूक लपवण्याऐवजी ती दुरुस्त करण्याची तयारी आहे.

त्या रात्री मी प्रतिकृती टप्प्याटप्प्याने पुन्हा चालवली: आधी खांब, मग खचणे, मग समपातळीत वरची भिंत आणि शेवटी छत. क्लिअरस्टोरीच्या पातळीवर आजचा फरक ६ मिलिमीटर आहे, आणि साडेसातशे वर्षांत एवढेच. रेट्याची वाट फासळ्यांच्या आत निवांत राहिली. आमच्या कार्यालयातील एका वरिष्ठांनी तरीही सुरक्षेसाठी ताणपट्ट्या घालाव्यात असे सुचवले. मी नकार दिला, कारण पट्ट्या बसवायला छताला भोके पाडावी लागतात, ज्या दगडाला काही झालेले नाही त्याला जखम होते आणि ती भरून काढता येत नाही.

तेव्हापासून मला एक गोष्ट सोडत नाही. दगड तेच, मापे तीच. फक्त घटनांचा क्रम बदलला आणि धोकादायक छत सुरक्षित ठरले. सहा वर्षांपूर्वी मी एका खेड्यातील चौदाव्या शतकाच्या चर्चमध्ये अशाच एका खचलेल्या खांबाच्या आधारावर आठ पोलादी सळया घालून घेतल्या होत्या. मी जुनी कागदपत्रे काढून पाहिली. तेथेही मोजणी खिडकीच्या खालपर्यंतच झाली होती, वरचे रद्दे कोणी मोजलेच नव्हते. मी तेथील लोकांना पत्र लिहून काय झाले असू शकते ते सांगितले आणि स्वतःच्या खर्चाने पुन्हा मोजणी करण्याची परवानगी मागितली. ती मिळाली आहे. येत्या मंगळवारी पाथरवटही माझ्याबरोबर येत आहेत, आणि टेप आधी त्यांच्या हातात असेल.