मग सख्ख्यांचं काय?

"तुमच्या चर्चमध्ये सगळेच एकमेकांना भाऊ, बहीण, आई म्हणता. मग घरच्या सख्ख्यांचं काय?" शेजारच्या वहिनी विचारतात, शाळेतल्या जुन्या सहकारी विचारतात, खानापूरच्या बसमध्ये शेजारी बसलेली अनोळखी बाईसुद्धा विचारते. 2021च्या डिसेंबरात धर्मांतरबंदीचं विधेयक कर्नाटकच्या विधानसभेनं मंजूर केलं ते इथल्याच, बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात. तेव्हापासून प्रश्न तोच असला तरी विचारण्याचा सूर बदललाय. तुम्ही सरळ विचारलंत, म्हणून सरळ सांगते.

नात्यांची ही भाषा येशूचीच. बायबलातल्या मार्काच्या शुभवर्तमानात, तिसऱ्या अध्यायात, त्याची आई आणि भाऊ बाहेर उभे राहून त्याला बोलावतात, आणि तो भोवती बसलेल्यांकडे बघून म्हणतो, देवाच्या इच्छेप्रमाणे जो चालतो तोच माझा भाऊ, तीच बहीण, तीच आई. एवढंच वाचलं तर यानं घर मोडलं असं वाटेल. पण सातव्या अध्यायात तोच येशू धर्मपुढाऱ्यांना झापतो: आईबापांना द्यायचा पैसा देवाला वाहिला असं सांगून हात कसले झटकता? आणि वधस्तंभावर जीव जात असताना आईची सोय शिष्याच्या घरी लावतो. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या. मला त्यात विरोध दिसत नाही.

माझंच सांगते. नोकरीसाठी बेळगावात आले तेव्हा इथं माझं कुणी नव्हतं. आई-वडील निपाणीकडे. मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चमधल्या, एका कन्नड बाईनं मला धरलं. सगळे तिला अव्वा, म्हणजे आई, म्हणायचे, मीही म्हणू लागले. तिची मराठी मोडकी, माझं कन्नड त्याहून मोडकं. संध्याकाळी तिच्या स्वयंपाकघरात ती तिचं कन्नड बायबल उघडायची, मी माझं मराठी. अध्याय आणि वचनांचे आकडे दोन्हीकडे सारखे, तेवढ्यावर आमचं भागायचं. बाहेर मराठी-कन्नड पाट्यांवरून मोर्चे निघत होते, आणि ही बाई माझ्यासाठी कन्नडमध्ये प्रार्थना करत होती. ती मला अर्धीमुर्धीच कळायची.

पण वाचण्यातून शिकले ते थोडं. ती मला सोबत न्यायची: दवाखान्यात, मयताच्या घरी, नवऱ्याशी भांडून बसलेल्या कुणाकडे. बोलायचं काय यापेक्षा गप्प कधी राहायचं ते तिथं समजलं. एकीच्या घरी ऐकलेलं तिनं दुसरीच्या घरी कधी काढलं नाही. कुणाशी बिनसलं असेल तर प्रभुभोजनाच्या (चर्चमध्ये भाकर आणि द्राक्षरस वाटून घेतात त्या) रविवारआधी स्वतः जाऊन मिटवायची, आणि माझं बिनसलं असेल तर मला पाठवायची. मी कितीही तोंड वाकडं केलं तरी. "जाऊन ये की," एवढंच. शिष्यत्व म्हणतात ते माझ्या बाबतीत हे असं झालं. हल्ली त्याचे आठवड्यांचे कोर्स निघालेत, शेवटी सर्टिफिकेट. वाईट नाहीत. पण मार्क लिहितो की येशूनं बारा जणांना नेमलं ते आधी त्यांनी त्याच्यासोबत असावं म्हणून, आणि मग त्यांना पाठवावं म्हणून. कोर्सवाले तो आधीचा भाग बहुतेक उरकून टाकतात.

आमच्या भागात हे सगळं जुनं आहे. लंडन मिशनरी सोसायटीचं काम बेळगावात 1820 साली सुरू झालं. मराठीतली पहिली कादंबरी लिहिणारे बाबा पदमनजी इथलेच, जन्म 1831चा. बाप्तिस्माही त्यांनी इथंच घेतला, 1854 साली. त्या काळी बाप्तिस्मा घेतला की घर, जात, पंगत सगळंच तुटायचं. मंडळी आईबाप व्हायची ती हौसेनं नव्हे, दुसरं कुणी उरायचंच नाही म्हणून. पुढे ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी 1917 साली साताऱ्यात 'देवाचा दरबार' हा येशूच्या शिष्यांचा मेळा उभा केला, बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही शिष्यांसाठी. टिळक फार जगले नाहीत, 1919 साली गेले. तो विचार मात्र मला आजही पटतो.

आता मला खटकतं ते. 'आत्मिक बाप' म्हणून मिरवणारे पुढारी वाढलेत. लग्न कुणाशी, नोकरी कुठली, पगारातलं किती द्यायचं, सगळं तेच ठरवणार. गावी चार दिवस जास्त राहिलात तर तुमचा विश्वास कच्चा. येशूचा प्रेषित पौल, त्यानं करिंथच्या मंडळीला मी तुमचा बाप झालो असं लिहिलंय, खरं आहे. पण पृथ्वीवर कुणाला पिता म्हणू नका, हेही येशूनंच बजावलंय. आणि मार्काचा दहावा अध्याय नीट वाचा. माझ्यासाठी घर, भाऊ, बहिणी, आई, बाप, मुलं, शेतं सोडणाऱ्याला शंभरपट मिळेल, असं तिथं आहे. मिळायच्या यादीत घरं, भाऊ, बहिणी, आया, मुलं, शेतं सगळं परत येतं. बाप येत नाही. ती जागा देवानं स्वतःकडे ठेवली, असं मी समजते. (त्याच यादीत छळही आहे. तो शब्द आम्ही उपदेशात पटकन पुढे सारतो.)

मध्यंतरी चिकोडीकडच्या एका मुलाचं आमच्या मंडळीत लग्न ठरलं. त्याच्या बाप्तिस्म्यानंतर घरचे बोलत नव्हते. पत्रिकेवर आईवडील म्हणून तुमची दोघांची नावं घालतो, म्हणाला. आम्ही नवराबायकोनं साफ नाही म्हटलं. वर तुझ्या आईवडिलांचीच नावं छापायची आणि पहिली पत्रिका तू स्वतः गावी नेऊन द्यायचीस. त्यानं आठवडाभर घोळ घातला, शेवटी गेला. वडील लग्नाला आले नाहीत. आई आणि एक चुलते आले, जेवले, आहेरही केला. त्यानंतरच्या गणपतीत तो बायकोला घेऊन गावी राहून आला. मांडव बांधायला होता, भांडी घासायला होता, आरतीला मात्र उभा राहिला नाही. प्रसादाचं काय केलंस, असं आमच्यातल्या एकदोघांनी त्याला खडसावून विचारलं. मूर्तीपुढं ठेवलेलं खावं की नाही, हा वाद करिंथच्या मंडळीतही होता, पौलाला त्यावर अध्याय खर्ची घालावे लागले. आमच्याकडेही यावरून दोन तट पडलेत. मी त्या पोराच्या बाजूची.