सेमिनरीचा अर्ज: आधी मंडळीचं पत्र, मग फॉर्म

सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या धर्मशिक्षणाच्या संस्थेत, बी.डी.च्या (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी) प्रवेशाची तयारी मी ऑगस्टमध्ये सुरू केली आणि पुढच्या जूनमध्ये वसतिगृहात दाखल झालो. या दहा महिन्यांत प्रत्यक्ष फॉर्म भरायला एक दिवस लागला. बाकीचा वेळ पत्रं, दाखले आणि सह्या यांत गेला, आणि त्यातला निम्म्याहून जास्त एकाच कागदासाठी: मंडळीच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या, पत्रासाठी.

सेमिनरी हे बारावीच्या गुणांवर प्रवेश देणारं कॉलेज नाही. उमेदवाराचं पाचारण (सेवेसाठी देवाचं बोलावणं) खरं आहे की नाही, याची पहिली साक्ष ती त्याच्या मंडळीकडून मागते. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या (सी.एन.आय.) माझ्या धर्मप्रांतात, म्हणजे बिशपांच्या कार्यक्षेत्रात, हा क्रम असा होता: आधी पाळकसाहेबांशी बोलणं, मग पास्टरेट कमिटीपुढे (स्थानिक मंडळीच्या कारभार समितीपुढे) अर्ज, कमिटीचा ठराव, तो धर्मप्रांताच्या सेवाविषयक मंडळाकडे, तिथे मुलाखत आणि शेवटी बिशपांची सही. कमिटी दर महिन्याला बसेलच असं नाही. वरचं मंडळ तर वर्षातून मोजक्याच वेळा बसतं, आणि एक बैठक चुकली की सेमिनरीची अंतिम तारीखही हातून जाते. म्हणून ‘पुढची बैठक कधी?’ हा प्रश्न फॉर्म मागवण्याआधी विचारा. स्वतंत्र मंडळीतून येत असाल तर वडीलमंडळाचा (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांचा) लेखी ठराव घ्या आणि तो ट्रस्टच्या नोंदणी क्रमांकासह लेटरहेडवर असू द्या. नुसत्या पाळकांच्या सहीचं साधं पत्र बऱ्याच ठिकाणी परत येतं.

पत्रं दोन प्रकारची असतात आणि अर्जदार इथेच गोंधळतात. शिफारसपत्रात ‘याला आम्ही इतकी वर्षं ओळखतो, वागणूक चांगली आहे’ एवढंच असतं. प्रायोजनपत्रात मंडळी म्हणते की आम्ही याला पाठवतो आहोत. त्या दुसऱ्या पत्रात तीन गोष्टी स्पष्ट लिहून घ्या: शुल्काचा किती भाग मंडळी भरणार, किती वर्षं भरणार आणि शिक्षण संपल्यावर सेवेत घेणार की नाही. ‘यथाशक्ती साहाय्य करू’ असं वाक्य आलं तर ते बदलून मागा. मागायला संकोच वाटतो, पण दुसऱ्या वर्षी मेसचं बिल थकल्यावर तेच वाक्य कोणाच्याच कामाचं राहत नाही. परतल्यावर ठरावीक वर्षं सेवा करण्याचा करार धर्मप्रांत करून घेत असेल, तर तो घरी नेऊन वाचा आणि मगच सही करा. काही सेमिनरी प्रायोजकाशिवायही प्रवेश देतात. मात्र पदवी हातात आल्यावर नेमणूक मंडळीच देते, आणि ज्याला तिने पाठवलंच नाही त्याची नेमणूक रखडते.

बहिणींनी पहिल्याच बोलण्यात पाळकपदाच्या दीक्षेचा प्रश्न विचारून घ्यावा. सी.एन.आय. आणि मेथडिस्ट मंडळ्यांत स्त्रियांना दीक्षा मिळते, अनेक स्वतंत्र मंडळ्यांत मिळत नाही. अभ्यासक्रम दोघांना एकच असतो. पुढची वाट मात्र एक नसते.

आता पदवीबद्दल. आपल्याकडच्या प्रॉटेस्टंट सेमिनरींपैकी बऱ्याच सेरामपूरच्या सिनेटशी, म्हणजे ईश्वरविज्ञानाच्या (थिऑलॉजीच्या) पदव्या देणाऱ्या मंडळाशी, संलग्न आहेत. कोलकात्याजवळ हुगळीकाठी वसलेल्या सेरामपूरचं कॉलेज १८१८ सालचं. डेन्मार्कच्या राजाने १८२७ मध्ये त्याला पदव्या देण्याची सनद दिली आणि १९१८ च्या सेरामपूर कॉलेज कायद्याने आजची सिनेटची व्यवस्था आली. (मिशनरी विल्यम कॅरीचं मराठी व्याकरण १८०५ मध्ये याच गावी छापलं गेलं, त्यामुळे मराठी माणसाला हे नाव तसं परकं नाही.) पदवीधरांसाठी बी.डी. हा चार वर्षांचा अभ्यासक्रम आहे. त्यानंतर एम.टीएच. (मास्टर ऑफ थिऑलॉजी) दोन वर्षांचं. बारावीवर बी.टीएच. (बॅचलर ऑफ थिऑलॉजी) करता येतं. याशिवाय एशिया थिऑलॉजिकल असोसिएशनची मान्यता असलेल्या सेमिनरी आहेत. त्यांच्याकडे पदवीधरांसाठी साधारण तीन वर्षांचं एम.डिव्ह. (मास्टर ऑफ डिव्हिनिटी) असतं. नोकरी किंवा घर सोडणं शक्य नसेल, तर सिनेटचे बहिस्थ अभ्यासक्रमही आहेत. रविवारची शाळा किंवा वडीलपद सांभाळणाऱ्यांना ते पुरेसे होतात.

माझं स्पष्ट मत असं की आधी बी.ए., बी.कॉम., काहीही, पण साध्या विद्यापीठाची पदवी पूर्ण करावी. ईश्वरविज्ञानाच्या पदवीला मंडळ्यांत मान आहे. पण बी.एड., स्पर्धा परीक्षा किंवा विद्यापीठातलं एम.ए. यांसाठी ती प्रत्येक ठिकाणी चालेलच असं धरून चालू नये. तसा विचार असेल तर त्या विद्यापीठाच्या पात्रता विभागाकडून लेखी उत्तर घ्या. पदवीची तीन वर्षं वाया जात नाहीत, वाचनाची आणि इंग्रजीची सवय तिथेच लागते. आणि एक सावधगिरी: पैसे भरून काही महिन्यांत ‘डॉक्टरेट’ देणाऱ्या संस्था महाराष्ट्रातही आहेत. संस्था स्वतः काय सांगते यावर थांबू नका, सिनेटच्या किंवा असोसिएशनच्या यादीत तिचं नाव आहे का ते पाहा.

भाषेचा प्रश्न पदवीइतकाच मोठा आहे. पुण्यातली युनायटेड थिऑलॉजिकल सेमिनरी मराठी मंडळ्यांशी जोडलेली आहे. यवतमाळला १९५३ मध्ये सुरू होऊन १९८३ मध्ये पुण्याच्या बिबवेवाडीत आलेल्या युनियन बिब्लिकल सेमिनरीत मात्र वर्ग इंग्रजीत चालतात. बंगळूरचं युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेज किंवा कोलकात्याचं बिशप्स कॉलेज इथेही तेच. मराठी माध्यमातून आलेल्याला इंग्रजी बोलणं सहा महिन्यांत जमतं. जड जातं ते वाचन. एकेका विषयाला आठवड्याला चाळीस-पन्नास पानं आणि सत्राला एक निबंध, तोही तळटिपांसह. मी प्रवेशाआधीचे चार महिने रोज मंडळीच्या इतिहासाची दहा इंग्रजी पानं वाचून त्यांचा मराठीत पाच ओळींचा सारांश लिहीत होतो. प्रवेश परीक्षेच्या तयारीत याचाच सर्वाधिक उपयोग झाला. परतल्यावर उपदेश मराठीतच करायचा आहे, म्हणून सारांश मराठीत लिहिण्याची ही सवय मी सोडली नाही.

बायबलच्या पेपरात मराठी वाचकाची अडचण वेगळीच असते. वचनं पाठ असतात, इंग्रजी नावं ओळखू येत नाहीत. आपला ‘अनुवाद’ म्हणजे तिकडचं ड्युटेरॉनॉमी, ‘निर्गम’ म्हणजे एक्झोडस, ‘शास्ते’ म्हणजे जजेस, ‘उपदेशक’ म्हणजे एक्लिझिअॅस्टिस. मोशेचा मोझेस होतो, हव्वेची ईव्ह, यशयाचा आयझाया. सगळ्यात फसवा याकोब: मराठीत इसहाकाचा मुलगाही याकोब आणि पत्र लिहिणाराही याकोब, इंग्रजीत मात्र पहिला जेकब आणि दुसरा जेम्स. एका वहीत ६६ पुस्तकांची नावं आणि शंभरेक व्यक्तींची नावं दोन स्तंभांत लिहून काढा, आठवड्याभराचं काम आहे. बाकी पेपरमध्ये इंग्रजी निबंध, उताऱ्यावरचे प्रश्न आणि थोडं सामान्यज्ञान होतं. ग्रीक-हिब्रूची भीती आत्ताच बाळगू नका, प्रवेशाला त्या लागत नाहीत. शाळेत संस्कृतच्या विभक्ती पाठ केलेल्याला नव्या कराराच्या ग्रीकमधल्या पाच विभक्ती ओळखीच्या वाटतात.

कागदपत्रांवर मी जरा जास्त लिहितो, कारण अर्ज अडतात ते इथेच. दहावी, बारावी आणि पदवीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, मायग्रेशन, बाप्तिस्म्याचा दाखला, दृढीकरणाचा (कन्फर्मेशनचा) दाखला, दोन किंवा तीन बंद लिफाफ्यातली शिफारसपत्रं, वैद्यकीय तपासणी, आठ फोटो आणि शिक्षणात खंड असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र. मायग्रेशन शेवटची परीक्षा ज्या विद्यापीठाची किंवा मंडळाची, तिथूनच मिळतं. मूळ प्रत सेमिनरी ठेवून घेते, म्हणून आधी तीन झेरॉक्स काढा. शिफारसपत्राचा लिफाफा स्वतः उघडू नका. चिकटवलेल्या जागेवर देणाऱ्याची सही नसेल तर काही ठिकाणी तो धरत नाहीत.

बाप्तिस्म्याचा दाखला जिथे बाप्तिस्मा झाला त्याच मंडळीच्या नोंदवहीतून निघतो, सध्या जिथे सभासद आहात तिथून नाही. त्यावर नोंदवहीचं पान, अनुक्रमांक, पाळकांची सही आणि शिक्का हवा. खेड्यातल्या जुन्या वह्या वाळवीने किंवा पावसाने गेलेल्या असतात. तसं असेल तर त्या वेळी हजर असलेल्या दोन सभासदांची लेखी साक्ष आणि त्यावर बिशपांच्या कार्यालयाचं पत्र, असा मार्ग निघतो, पण त्याला दीड-दोन महिने धरा.

दुसरी अडचण नावाची. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, बाप्तिस्म्याच्या नोंदीत फक्त नाव आणि बापाचं नाव, आधारवर तिसरंच स्पेलिंग. सेमिनरी आणि सिनेट दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव धरतात, म्हणून बाकीचे कागद त्याच्याशी जुळवा. बाप्तिस्म्यात नवं नाव घेतलं असेल तर ‘दोन्ही नावं एकाच व्यक्तीची’ असं प्रतिज्ञापत्र बहुधा पुरतं. कायमचा बदल करायचा असेल तर राज्य शासनाच्या राजपत्रात नाव प्रसिद्ध करून घ्यावं लागतं. तो अर्ज ऑनलाइन होतो.

तिसरी अडचण नाजूक आहे, आणि आपल्या मंडळ्यांत तिच्याबद्दल मोकळेपणाने बोललं जात नाही. कितीतरी घरांत शाळेच्या दाखल्यावर हिंदू आणि अनुसूचित जात लिहिलेली असते आणि मंडळीच्या वहीत तीन पिढ्या ख्रिस्ती. राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता होता. पुढे १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती दलितांना तो आजही नाही. म्हणून पूर्वजांनी दाखला बदलला नाही, यात त्यांना दोष देण्याचं कारण नाही. अर्जदाराने मात्र दोन गोष्टी पाळाव्यात: सेमिनरीपासून दाखला लपवू नये, आणि बाप्तिस्म्याची कागदपत्रं देत असताना त्या जातीच्या प्रमाणपत्रावर सवलत घेत राहू नये. घरातल्यांशी बसून, गरज पडल्यास वकिलाला विचारून हा निर्णय अर्जाआधी घ्या. सेमिनरीतले शिक्षक हा प्रश्न समजून घेतात, कारण त्यांच्यापैकी अनेकांच्या घरी तो आहे.

फॉर्मसोबत स्वतःची साक्ष लिहून मागतात, साधारण दोन-तीन पानं. आजारातून वाचलो किंवा स्वप्न पडलं, एवढ्यावर ती संपवू नका. कोणत्या मंडळीत वाढलात, रविवारच्या शाळेचा कोणता वर्ग किती वर्षं घेतला, युवक संघात काय केलं, ‘तू सेवेत जा’ असं पहिल्यांदा कोण म्हणालं, मनात शंका कोणती होती, हे तपशिलात लिहा. मुलाखतीतले प्रश्न याच पानांवरून निघतात. ‘प्रवेश मिळाला नाही तर काय कराल?’, ‘घरी कर्ज आहे का?’, ‘दुसऱ्या पंथाच्या पद्धतीने प्रभुभोजन झालं तर घ्याल का?’ यांची पाठ केलेली उत्तरं लगेच ओळखू येतात. कर्ज असेल तर आहे म्हणा आणि ते कोण फेडतंय तेही सांगा.

पैशाचा हिशेब करताना शिकवणी शुल्कावर थांबू नका. वसतिगृह, मेस, ग्रंथालय, हमीठेव, सिनेटची नोंदणी आणि परीक्षा शुल्क, पुस्तकं, चार उन्हाळ्यांचा प्रवास आणि सुट्टीतल्या क्षेत्रकार्याचा खर्च, सगळं एका कागदावर घ्या आणि चार वर्षांसाठी मांडा. ‘स्कॉलरशिप मिळतेच’ हे जुन्या विद्यार्थ्यांचं सांगणं आज जसंच्या तसं धरू नये. परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या (एफ.सी.आर.ए.) २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेला आलेला परदेशी निधी तिने दुसऱ्या संस्थेकडे वळवणं बंद झालं, आणि अनेक जुनी मदत थांबली. विवाहित असाल तर कुटुंबासाठी खोल्या थोड्या असतात. यादीत नाव कितवं आहे, पती किंवा पत्नीसाठी काही वर्ग आहेत का आणि मुलाला मराठी शाळा मिळेल का, हे प्रवेशपत्र येण्याआधीच विचारा. बंगळूरला मराठी शाळा शोधण्यात सत्राचा पहिला महिना जातो.

कॅथलिक बांधवांची वाट निराळी आहे, वसईत किंवा गोव्यात वाढलेल्यांना ती ठाऊक असते. तिथे व्यक्ती स्वतः सेमिनरीकडे अर्ज करत नाही, धर्मप्रांत किंवा धर्मसंघ पाठवतो आणि सुरुवात पाचारण पाहणाऱ्या फादरांपासून होते. चर्चच्या कायद्याप्रमाणे तत्त्वज्ञानाची दोन आणि ईश्वरविज्ञानाची चार, अशी सहा वर्षं तरी लागतात, आणि धर्मगुरुदीक्षेला वयाची २५ वर्षं पूर्ण हवीत. पुण्याच्या ज्ञानदीप या कॅथलिक संस्थेत सिस्टर आणि प्रापंचिकही शिकतात.

प्रवेशपत्र आल्यावरही काम उरतं. पहिल्या सत्रात सिनेटकडे नोंदणी होते आणि त्यासाठी मूळ कागद पुन्हा मागतात, म्हणून सगळं एका फाइलमध्ये घालून स्वतःबरोबर न्या, मागून कुरियरने मागवू नका. नोंदणीच्या फॉर्मवरचं नाव, बापाचं नाव आणि जन्मतारीख दहावीच्या गुणपत्रिकेशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा. माझ्या नोंदणीत आडनावातलं एक अक्षर सुटलं होतं. त्याच आठवड्यात कार्यालयात अर्ज दिल्याने ते लगेच दुरुस्त झालं.