समुद्रकाठी एक दिवस फुल ऐश करायचीय? आधी समुद्राचं टाईमटेबल बघा

अ‍ॅनिव्हर्सरी असते, कुणाचा पन्नासावा वाढदिवस असतो, काहीतरी निमित्त निघतं आणि ठरतं की यावेळी पैशाकडे बघायचं नाही, समुद्रकाठच्या एखाद्या देखण्या शहरात जायचं आणि एक अख्खा दिवस राजेशाही थाटात काढायचा. मग ती लिस्ट माझ्याकडे येते, कारण आमच्यात प्लॅनिंग म्हटलं की सगळे माझ्याकडेच बघतात. लिस्ट दरवेळी जवळपास सारखीच. यॉट, स्पा, हेलिकॉप्टर, स्कुबा, शॉपिंग आणि रात्री समुद्राकडे तोंड करून डिनर. सगळं एका दिवसात. अरे, हा ऐशचा दिवस आहे की इन्स्पेक्शन ड्यूटी?

माझं म्हणणं सरळ आहे. पैसे टाकून तुम्हाला चांगलं टेबल मिळेल, चांगली बोट मिळेल, पण वारा काही तुमचं बुकिंग बघून वाहत नाही. त्यामुळे आधी समुद्राचा दिवस कसा जातो ते बघायचं आणि त्यात आपला बसवायचा. लोक नेमकं उलटं करतात, अ‍ॅपवर जो स्लॉट मोकळा दिसला तो घेऊन टाकतात.

आता वाऱ्याचंच घ्या. खारे वारे आणि मतलई वारे शाळेत भूगोलात घोकलेले असतात, परीक्षा झाली की विसरलेले असतात. जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची गार हवा आत येते, म्हणजे ऊन असलेल्या दिवशी साधारण अकरा-बारापासून वारा उठायला लागतो, दुपारी दोन ते चारच्या सुमारास जोरात असतो आणि संध्याकाळकडे पडतो. म्हणजे ज्यांना बोट लागते त्यांनी यॉट सकाळीच घ्यावी, पाणी तेव्हा बऱ्यापैकी शांत असतं. शिडाची बोट असेल तर मात्र गणित उलटं, तिला वारा लागतोच, सकाळी नेलीत तर नुसतं इंजिन ऐकत बसाल. बोट लागण्यावरची गोळी निघायच्या आधी घ्यायची असते, पोटात ढवळायला लागल्यावर घेऊन काही उपयोग नाही. आणि बसायचं बोटीच्या मध्याजवळ, नजर क्षितिजावर ठेवून, मोबाईलमधे नाही. ग्रुपमधे आजी-आजोबा असतील तर कॅटमरान विचारा, तिला दोन हल, म्हणजे पाण्यावर तरंगणारे दोन सांगाडे असतात त्यामुळे डुलणं बरंच कमी.

यॉटवाल्यांशी बोलताना अजून एक. ते सांगतात तीन तासात अमुक बेट, तमुक गुहा, शिवाय पोहायला वेळ. बोटीचा स्पीड नॉट्समधे असतो, १ नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. १० नॉट्सने जाणारी बोट म्हणजे ताशी साडेअठरा, सायकलवाला गाठेल तिला. शिडाची असेल तर बरेचदा ५-६ नॉट्सच. तेव्हा नकाशावर बोट ठेवून अंतर मोजा आणि एकच जागा निवडा, तिथे नांगर टाकून निवांत पडा. इंधन भाड्यात धरलंय का, आणि कॅप्टनने हवेमुळे नाही म्हटलं तर पैसे परत की दुसरी तारीख, हे दोन प्रश्न पैसे भरायच्या आधी.

भरती-ओहोटी तर लोक बघतच नाहीत. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमधे साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणजे वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते, आणि अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं तेव्हा पाणी जास्त वर चढतं आणि तितकंच लांब ओसरतं. भूमध्य समुद्रावर बहुतेक ठिकाणी हा फरक इतका थोडा की लक्षातही येत नाही, आणि कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात तो १६ मीटरपर्यंत जातो! ज्या शहरात फरक मोठा आहे तिथे फोटोतला तो निळाशार बीच तुमच्या लंचच्या वेळी चिखलाचं मैदान असू शकतो, काही धक्क्यांना ओहोटीला बोटही लागत नाही. हवामानाचा अंदाज दहा दिवस आधीचा धड नसतो पण भरतीचं वेळापत्रक वर्षभर आधी मिळतं, फुकट, मग बघायला काय जातं.

सनसेट डिनरचं तर बोलायलाच नको. शहराचा किनारा पूर्वेकडे असेल तर सूर्य तुमच्या पाठीमागे बिल्डिंगांमधे मावळणार आणि समोर काळोख. तिथे ब्रेकफास्ट दणक्यात करा, पहाटे उठून. पश्चिमेकडचा किनारा असेल तर टेबल सूर्यास्ताच्या तासभर आधीचं घ्या, आणि विषुववृत्ताजवळच्या शहरात असाल तर उशीर अजिबात नको, सूर्य बुडाला की वीस-पंचवीस मिनिटांत सगळं काळंभोर. उत्तरेकडे उन्हाळ्यात उजेड तासभर रेंगाळतो. हात लांब करून क्षितिज आणि सूर्याच्या मधे बोटं आडवी धरून बघा, एक बोट म्हणजे ढोबळमानाने पंधरा मिनिटं, वेटरला विचारायला नको.

मग स्पा कधी? भर दुपारी. ऊन सगळ्यात कडक, वारा सुटलेला, बाहेर काही धड होत नाही, तेव्हा एसीत पडून मसाज घेण्यासारखं सुख नाही. सकाळी मसाज करून अंगाला तेल लावून उन्हात जाणं किंवा दिवसभर भाजून निघालेल्या पाठीवर संध्याकाळी कुणाचा तरी अंगठा रुतवून घेणं, दोन्ही नको. शॉपिंगचीही हीच वेळ, फक्त त्या दिवशी बंदरात क्रूझ शिप लागणारे का ते बंदराच्या वेळापत्रकात बघून घ्या. मोठ्या जहाजातून पाच हजाराच्या वर माणसं उतरू शकतात आणि ती सगळी त्याच तीन गल्ल्यांमधे घुसतात.

राहिलं हेलिकॉप्टर आणि स्कुबा. हे दोन्ही एका दिवशी नाही म्हणजे नाही. डाइव्ह केल्यावर शरीरात नायट्रोजन विरघळलेला असतो आणि उंचीवर हवेचा दाब कमी झाला की त्याचे बुडबुडे होऊ शकतात, म्हणून एका साध्या डाइव्हनंतरही विमानात बसायच्या आधी निदान १२ तास थांबा असं सांगतात, जास्त डाइव्ह केले तर १८. हेलिकॉप्टर खालून उडतं हो, पण डोंगरावरून फेरी असेल तर उगाच विषाची परीक्षा कशाला. रात्रीची परतीची फ्लाइट असेल तर स्कुबा तसंही कटाप.

आणि हेलिकॉप्टरच हवं असेल तर तेही सकाळचंच घ्या, हवा तेव्हा शांत असते, मग यॉट सोडा. हो, सोडा, दोन्हीतलं एकच. बुकिंगच्या वेळी प्रत्येकाचं वजन विचारतात, कारण कोण कुठे बसणार ते त्यावर ठरतं, आणि तिथे गेल्यावर काट्यावरही उभं करू शकतात, सगळ्यांसमोर. तेव्हा फॉर्मवर लग्नाआधीचं वजन लिहू नका.