डूलॉखचा रस्ता

आयर्लंडच्या पश्चिमेला मेयो नावाची काउंटी आहे. पर्यटक येतात ते वेस्टपोर्ट गावात भटकायला आणि क्रोग पॅट्रिक चढायला. ७६४ मीटरचा हा डोंगर जुलैच्या शेवटच्या रविवारी हजारो भाविक चढतात, काहीजण अनवाणी. आम्हीही चढलो. शेवटच्या चढावरची सुटी दगडखडी मला मुळीच आवडली नाही, पण वरून दिसणारी क्ल्यू उपसागरातली बेटं सुरेख. वेस्टपोर्टच्या गर्दीचा मात्र कंटाळा आला.

लिहायला बसले ते लुईसबर्गहून दक्षिणेला जाणाऱ्या अरुंद रस्त्यामुळे. दोन्हीकडे उघडे डोंगर, मध्ये डूलॉख तळ्याचं काळं पाणी, घर जवळजवळ नाहीच. १८४१ साली मेयोत सुमारे ३,८८,००० माणसं होती. २०२२ च्या जनगणनेत १,३८,००० च्या आसपास. उपासमार आणि देशांतर, दोन्हींनी गावं रिकामी केली.

मार्च १८४९. करप्यानं बटाट्याची पिकं वर्षामागून वर्ष गेलेली. मदत हवी तर अधिकाऱ्यांसमोर हजर व्हायचं, म्हणून शेकडो भुकेली माणसं लुईसबर्गला जमली. अधिकारी त्यांना न तपासताच पुढे डेल्फाय लॉजवर मुक्कामाला गेले. निरोप काय, तर सकाळी सातला तिथे या! एकोणीसेक किलोमीटर, रात्रीचं, गारठ्यात, अंगावर धड कपडा नाही. माणसं चालत गेली, त्यांना रिकाम्या हातानं परत पाठवलं आणि परतीच्या वाटेवर ती पडत गेली. किती, याचे आकडे वेगवेगळे सांगतात.

तिथे रस्त्याकडेला एक साधा दगडी क्रूस आहे. त्यावर गांधीजींचं वचन कोरलंय: आपल्यासारख्याच माणसांचा अपमान करून कुणाला स्वतःचा सन्मान झाल्यासारखं वाटतंच कसं? ते वाचलं आणि मला पुढे जाववेना. १८७७ साली आपल्याकडच्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल या इंग्रज अधिकाऱ्यानं दुष्काळी कामावरची मजुरी दिवसाला पौंडभर धान्य आणि वर थोडे पैसे इतकी खाली आणली होती. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं तिच्याविरुद्ध सरकारकडे लिहिलं होतं. राज्य तेच इंग्रजांचं, उपाशी माणसाला पारखून घ्यायची रीतही तीच.

आमच्यामागून आलेली माणसं तळ्याचे फोटो काढून पाच मिनिटांत निघून गेली, क्रूसाकडे कुणी वळलं नाही. मला त्याचा राग आला. तरी मेयोचे लोक दरवर्षी याच रस्त्यानं त्या माणसांच्या आठवणीत चालतात. सोलापूर-नगरकडच्या दुष्काळी कामांवर मेलेल्यांसाठी असा एखादा दगड मी कुठे पाहिलेला नाही. तो असायला हवा, आणि त्यावर त्या माणसांची गोष्ट मराठीत लिहिलेली हवी.