४५.३४ मीटर

रविवार, रात्रीचे साडेअकरा

फोनवर आज पुन्हा ती यादी आली. ‘ऑलिंपिकमधल्या सर्वांत सुंदर खेळाडू.’ आणि तिच्यात अर्थातच लेरिन फ्रँको. पॅराग्वेची भालाफेकपटू, मॉडेलही. २००६ मध्ये तिथल्या मिस युनिव्हर्स निवड स्पर्धेत उपविजेती ठरलेली.

मला ती पहिल्यांदा दिसली ऑगस्ट २००८ मध्ये, बीजिंग ऑलिंपिकच्या वेळी. अभिनव बिंद्राच्या सुवर्णपदकानं आम्ही हॉस्टेलवर पेढे वाटले, त्याच आठवड्यात. सायबर कॅफेतल्या पोरांनी तिचा फोटो वॉलपेपरला लावला होता. मीही वाकून वाकून पाहिला, खोटं कशाला सांगू! पण तिनं भाला किती लांब फेकला, हे तेव्हा कुणी विचारलं नाही. मीही नाही. आणि मी तर शाळेत भालाफेक केलेली. बांबूचा भाला, पुढं लोखंडी टोक. ते टोक आधी जमिनीला टेकलं नाही की सर ‘फाउल!’ म्हणून ओरडायचे. तालुक्याला माझी सगळ्यात चांगली फेक बावीस मीटर, आणि तेवढ्यानं दोन दिवस खांदा हलत नव्हता.

म्हणून आज आकडे काढून बसले. अथेन्स, २००४ : ५०.३७ मीटर, ४२ वी. बीजिंग : ४५.३४, ५१ वी. लंडन, २०१२ : ५१.४५, ३४ वी. म्हणजे सगळं जग तिच्याकडं बघत होतं, नेमकी तेव्हाच तिची फेक तिन्ही ऑलिंपिकमधली सगळ्यात आखूड. बीजिंगला जिंकलेल्या बार्बोरा श्पोताकोव्हाचा भाला ७१.४२ मीटरवर पडला होता. सव्वीस मीटरचा फरक. पात्रता फेरीत तीन फेकी मिळतात, आणि लेरिनचं ऑलिंपिक त्या तीन फेकींतच संपलं.

कोणी म्हणेल, बघा, नुसतीच दिसायला! मला तसं वाटत नाही. सहाशे ग्रॅमचा भाला पंचेचाळीस मीटर जाणं म्हणजे काय, ते माझ्या खांद्याला विचारा. आणि नुसतं मिरवायचंच असतं, तर बीजिंगनंतर सराव कशाला केला असता? प्रसिद्धी तर मिळून चुकली होती. तरी बाई लंडनला गेली, सहा मीटरनं पुढं फेकून आली. तिची सर्वोत्तम फेक तर त्याहून पुढची, २०१३ मधली : ५७.७७ मीटर. वय एकतीस.

बीजिंगपेक्षा बारा मीटर जास्त! हे मला आज कळतंय, आणि फोटो मात्र पाठ आहे.

त्या ५७.७७ च्या फेकीचा एखादा फोटो मिळतो का, म्हणून तासभर शोधत बसले. हाती आले ते सगळे बीजिंगचेच.