व्हायोलिनला सिंथ आणि सिक्वेन्सर जोडताना : माझा अनुभव

मी सोलापुरातच बैठकीचं हिंदुस्थानी व्हायोलिन शिकलो, पुढं ऑर्केस्ट्रातही वाजवलं, पण सिंथेसायझरचा, म्हणजे विजेवर आवाज तयार करणाऱ्या सिंथचा, नाद लागला तो ज्याँ-लुक पाँती या फ्रेंच जॅझ व्हायोलिनवादकाला ऐकून. पॅरिसच्या कॉन्झर्व्हेटरीत तयार झालेला हा माणूस १९७४ ला महाविष्णू ऑर्केस्ट्रा या जॅझ-रॉक बँडमध्ये गेला, आणि १९८३ च्या 'इंडिव्हिज्युअल चॉइस' या अल्बममध्ये तर त्यानं सिक्वेन्सरवर, म्हणजे भरून ठेवलेले स्वर आपोआप फिरवत ठेवणाऱ्या यंत्रावर, छोटे छोटे स्वरसमूह फिरत ठेवले आणि वर व्हायोलिन मोकळं सोडलं. ते ऐकल्यावर मला हेच करायचं होतं.

आधी वाटलं की व्हायोलिननंच सिंथ वाजवावा, म्हणजे वाद्याची कंपनं टिपणाऱ्या पिकअपमधून आलेला स्वर ओळखून त्याचं मिडी, म्हणजे सिंथला कळणारे संदेश, करायचे. पण यात एक अडचण आहे जी कितीही पैसे घातले तरी पूर्ण जात नाही. पाश्चात्य मिळवणीतली जाडी तार १९६ हर्ट्झची, म्हणजे एका कंपनाला साधारण ५ मिलिसेकंद, आणि स्वर ओळखायला मशीनला एकापेक्षा जास्त कंपनं बघावी लागतात, त्यात आपण तारा अजून खाली उतरवतो म्हणजे अजून उशीर. एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरणाऱ्या मींडचे तर तुकडेच पडायचे. म्हणून ठरवलं, व्हायोलिन व्हायोलिनच राहू दे, सिक्वेन्सर खाली वेगळा चालू दे.

मग पिझो पिकअप लावला, पण शेजारच्या कारखान्यातले माग चालू असले की पिकअपचा बारीक कोरडा आवाज ऐकूच यायचा नाही. १ मेगाओहम इनपुटचा प्रीअँप, म्हणजे पिकअपचा कमजोर आवाज आधी सावरून वाढवणारा डबा, मधे टाकला तेव्हा खालच्या स्वरांना अंग आलं. हे ज्यांना करायचंय त्यांनी सिंथच्या आधी प्रीअँप घ्या.

खरी गंमत गंधारावर झाली. गुरुजींना ऐकवलं, डोळे मिटून ऐकत होते आणि मधेच म्हणाले, "तुझा गंधार बरोबर आहे रे, खालचा चढा आहे." अगदी बरोबर! सिंथचा गंधार सा पासून ४०० सेंटवर (सेंट म्हणजे सप्तकाचा १२०० वा भाग), आपला शुद्ध गंधार ३८६ च्या आसपास, १४ सेंटचा फरक आणि दोन्ही एकत्र वाजले की कानाला बोचतं. पंचमात मात्र फरक फक्त २ सेंटचा, रिषभातही ४ चा. मग मी सिक्वेन्समधून गंधार काढूनच टाकला, खाली सा, रे, प एवढंच फिरतं आणि गंधार फक्त माझ्या बोटाचा. त्यानं तो इतका उठून येतो की आधीच का नाही असं होतं.

पण सगळ्यात मोठी अडचण लयीची. तबलजी आपलं ऐकतो, आपण थांबलो तर सावरून घेतो, मशीन कुणासाठी थांबत नाही. याच्यावर उत्तर दिलं माझ्या तबलजी मित्रानं, चादरीच्या कारखान्यात असतो तो, एकदा सिक्वेन्सरचं १६ स्टेपचं, म्हणजे सोळा घरांचं, फिरणं ऐकत बसला आणि म्हणाला, "काय बे, हा तर लेहरा हाय की! तू साथ कशाला मागायलास त्याच्याकडं, तू तबला हो." आणि खरंच की, एकल तबल्यात हार्मोनियमवर तोच नगमा, म्हणजे लेहरा, फिरत राहतो आणि तबलजी तिहाई घेऊन, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून, समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, येतो, तसंच व्हायोलिननं यायचं. तिथून माझा हातच मोकळा झाला, सोळा स्टेप म्हणजे तीनताल, आलापाचा मोह सोडला आणि गजाचे आघात बोलांसारखे काढायला लागलो.

आपल्या बैठकीचा एक फायदा मात्र कुणी सांगत नाही. व्हायोलिनचं डोकं उजव्या पायावर टेकलेलं असल्यामुळं पायानं पेडल दाबता येत नाही हे खरं, पण वाद्य छाती आणि पायात पक्कं असतं म्हणून खुली तार लांब ओढताना डावा हात पूर्ण मोकळा! डावीकडं पाटावर सिंथ ठेवायचा, षड्ज चालू ठेवून फिल्टरचा नॉब हळूहळू उघडायचा, पुढची सम यायच्या आत बोटं परत तारेवर. मला हे सगळ्यात जास्त आवडतं.

सध्या रूपक लावलाय, ७ स्टेपचा. त्याची सम खालीची, म्हणजे टाळी न देता हलकी दाखवायची, म्हणून पहिल्या स्टेपला बेस द्यायचाच नाही, चौथ्या आणि सहाव्याला द्यायचा, मग तो रूपक वाटतो, नाहीतर नुसती सात आकड्यांची मोजणी होते. मित्राला ऐकवला तर त्यानं लगेच दहा मात्रांचा झपताल मागितलाय.