तेल पाजणं

ॲल्युमिनियमची होडी घेतली ती एकाच कारणासाठी: तिचं काही करावं लागत नाही म्हणून. चौदा फुटी, जुनी, इथे मिनेसोटात एका गराज सेलमध्ये मिळालेली. विकणारे आजोबा म्हणाले, "गंजत नाही, कुजत नाही." खोटं नव्हतंच ते. होडीत लाकूडही असतं, एवढं सांगायचं राहून गेलं.

लाकूड असतं तरी किती? बसायच्या तीन फळ्या आणि मागचा ट्रान्सम, म्हणजे इंजिन जिथे क्लॅम्पने आवळतात ती प्लायवूडची जाड पाटी. 9.9 हॉर्सपॉवरचं इंजिन, चाळीसेक किलोंचं, तिच्यावर लटकतं. पाटी वरून ठणठणीत दिसते. पण स्क्रूच्या भोकांतून आणि कापलेल्या कडांतून पाणी आत शिरतं, आणि पत्र्यामागे त्याला सुकायला वाव नसतो. मी स्क्रूड्रायव्हर टोचून पाहिला, तर चहात बुडवलेल्या खारीत जावा तसा गेला.

मग मी हुशारी केली. कुजू नये म्हणून औषध पाजलेलं हिरवट लाकूड आणून बसवलं. दोन वर्षांनी फळी उचलली तर खाली पांढरी भुकटी आणि पत्र्याला खड्डे. त्या औषधात तांब्याचे क्षार असतात. ओल आली की तांब्यापुढे ॲल्युमिनियमच झिजतं. ॲल्युमिनियमच्या डब्यात लोणचं ठेवू नये, हे आईने लहानपणीच बजावलं होतं. तिथलं कारण वेगळं, पण डोक्यात घंटा वाजायला हवी होती.

आता साधा, पक्क्या गोंदाचा प्लाय वापरतो. कडांना इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून लावायचा, वाळून कडक होणारा गोंद. भोकं मुद्दाम मोठी पाडून इपॉक्सीने बुजवतो आणि त्यातच पुन्हा बारीक भोक पाडतो, म्हणजे स्क्रूचा लाकडाशी संबंधच येत नाही.

फळ्यांना मात्र जवसाचं तेल, आपल्या सुतारांचं बेलतेल. स्पार वार्निश, म्हणजे होड्यांसाठीचं वार्निश, उन्हाला जास्त टिकतं, मान्य. पण त्याची सालं निघायला लागली की सगळं घासत बसा. तेलाचा हात नुसता वरून फिरवता येतो. शिवाय तो वास! शाळेत नव्या बॅटला तेल पाजायचो, तोच. तेलाचे बोळे मात्र चुरगाळून टाकायचे नाहीत, आपोआप पेटतात. मी ते कुंपणावर एकेक पसरून वाळवतो. शेजाऱ्यांना हा आमचा सण वाटत असावा.

मालवणच्या काकांना फोनवर सांगितलं, तर म्हणाले, "मोरीचा तेल मेळणा नाय काय थंय?" मोरी म्हणजे शार्क मासा. तिकडे होड्या पावसाळ्यात झापांखाली निजतात, माझी बर्फात उपडी पडते. बाकी कामं तीच.

शनिवारी वॉलआय या माशाच्या मासेमारीचा मोसम सुरू होतोय. मधली फळी अजून चिकट आहे. जुनी पँट काढून ठेवली आहे.